साधा वर्तमानकाळ

इंग्रजी व्याकरणातल्या काळांना ज्यांनी मराठी नावे दिली, त्यांच्याविषयी मला आदर आहे. परक्या घरातली भांडी आपल्या फळीवर मांडायची आणि प्रत्येकाला ओळखीचे नाव द्यायचे, हे सोपे काम नव्हे. पण एका नावापुरते माझे त्यांच्याशी भांडण आहे. ‘साधा वर्तमानकाळ’ हे ते नाव. चौतीस वर्षे मी इंग्रजी शिकवले. त्यांतली पहिली बारा मुंबईच्या गिरणगावातल्या एका रात्रशाळेत. त्या अनुभवावरून सांगतो, की हा काळ साधा मुळीच नाही. आणि बारकाईने पाहू गेले तर तो धड वर्तमानही नाही.

आमच्या लहानपणी मास्तर हा काळ पाढ्यासारखा घोकून घेत. आय गो, यू गो, ही गोज. तीस मुलांचा सूर एकदा लागला, की अर्थाची चौकशी करण्याचे कोणाला सुचत नसे. ‘आय गो’ म्हणजे मी जातो, एवढे भाषांतर वहीच्या कडेला लिहिले की काम झाले. पण ‘आय गो’ म्हणजे आपले ‘मी जातो’ नव्हे. हातात चहाचा पेला धरून ‘आय ड्रिंक टी’ म्हणणारा माणूस इंग्रजाला चमत्कारिक वाटेल. पेला हातात आहे तोवर ‘आय ॲम ड्रिंकिंग टी’. पेला खाली ठेवा, दुकान बंद होऊ द्या, रात्रीचे बारा वाजू द्या. मग खुशाल म्हणा, ‘आय ड्रिंक टी.’ म्हणजे मी चहा पिणाऱ्यांपैकी आहे, कॉफी पिणाऱ्यांपैकी नव्हे. सूर्य पूर्वेला उगवतो हे वाक्य मध्यरात्रीही खरे असते, तशातलाच हा प्रकार. ज्या क्षणी क्रिया चालू असते, नेमका तोच क्षण या वर्तमानकाळाला चालत नाही!

आपली मराठी याबाबतीत फार उदार. ‘जातो’ ही आपली गरीब गाय. कोणत्याही खुंट्याला बांधा. ‘मी रोज देवळात जातो’ हे खरे, ‘थांब, मीच जातो’ हेही खरे, ‘उद्या सकाळच्या गाडीने जातो’ हेही खरे. आणि गोष्ट रंगवून सांगायची झाली, तर ‘काल मी बाजारात जातो, तो काय, सगळी दुकाने बंद!’ असे म्हणून कालच्या दिवसालाही हीच गाय बांधता येते. शिवाय निरोप घेताना तर ‘जातो’ म्हणायचेच नाही. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीत ‘येतो’ म्हणायचे. आणि अजून निघायचेच असलेला माणूस आतल्या खोलीतून ओरडतो, ‘आलोच!’ परक्या माणसाने आपले काळ कसे शिकायचे, देव जाणे.

तरी एका ठिकाणी मराठीने हा फरक जपून ठेवला आहे, आणि तो मला कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकाने शिकवला नाही. कोकणातल्या आयांनी शिकवला. ‘मुलगा कुठे आहे?’ असे विचारले, तर उत्तर येते ‘परड्यात आहे’. आणि ‘मुलगा कुठे असतो?’ असे विचारले, तर ‘मुंबईला असतो’. ‘आहे’ आणि ‘असतो’. गणपतीला घरी आलेला मुलगा समोर ओटीवर बसलेला असला, तरी तो ‘मुंबईला असतो’च. इंग्रजांना ही सोय नाही. त्यांना दोन्हीकडे ‘इज’ वापरावे लागते, नाही तर ‘लिव्ह्ज’ शोधावे लागते. माझ्या वर्गात बहुतेक मुले कोकणातली नाही तर घाटावरची. मी त्यांना सांगे, ‘जिथे आपण ‘असतो’ म्हणू, तिथे साधा वर्तमानकाळ. जिथे ‘आहे’ म्हणू, तिथे चालू.’ ही किल्ली सगळ्या कुलुपांना लागत नाही हे खरे, पण दार किलकिले होते.

शिकवायला हा काळ अवघड का, याचे एक अगदी साधे कारण आहे. त्याचा अभिनय करता येत नाही. चालू वर्तमानकाळ शिकवणे म्हणजे निम्मे नाटकच. मास्तरांनी दाराकडे चालत जायचे आणि चालता चालता म्हणायचे, ‘आय ॲम गोइंग टु द डोअर.’ खिडकी उघडायची आणि उघडता उघडता तसे म्हणायचे. एका काळी इंग्रजी शिकवण्याची नवी पद्धत म्हणून हेच आम्हांला शिकवले जाई, आणि ती पद्धत चांगली होती. पण ‘आय गो टु द मार्केट एव्हरी डे’ हे फळ्यासमोर करून कसे दाखवायचे? एकदा बाजारात जाऊन आलेला माणूस दाखवता येईल. रोज जाणारा माणूस दाखवायला रोज लागतात! सवय डोळ्यांना दिसत नाही. ती माणसाजवळ राहून कळते.

त्या ‘एस’चाही थोडा इतिहास सांगायला हवा, कारण महाराष्ट्रातल्या जेवढ्या मुलांचे गुण या एका अक्षराने खाल्ले असतील, तेवढे दुसऱ्या कोणी खाल्ले नसतील. मुलाला आधी शिकवतात, की ‘एस’ लावला की अनेकवचन होते: बॉय, बॉइज. ते पक्के झाले, की सांगतात, क्रियापदाला ‘एस’ लावला की एकवचन: ‘बॉय गोज’, पण ‘बॉइज गो’. पोराने काय समजायचे? एकच बिल्ला, तो कर्त्याच्या छातीवर असेल तर क्रियापदाच्या छातीवर नाही आणि उलट. हा ‘एस’ मुळात उत्तर इंग्लंडातला. दक्षिणेकडे त्याच्या जागी ‘एथ’ असे: ‘गोज’च्या जागी ‘गोएथ’. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात हा ‘एथ’च आहे. शेक्सपिअर त्याच सुमाराचा. पण त्याच्याकडे दोन्ही सापडतात. पुढे उत्तरेकडचा ‘एस’ सगळीकडे पसरला आणि ‘एथ’ प्रार्थनामंदिरात उरला. बाकीच्या साऱ्या पुरुषांची शेपटे केव्हाच गळून पडली. तृतीयपुरुषी एकवचनाचे तेवढे राहिले. कां राहिले, याचे समाधानकारक उत्तर मला कोणी दिलेले नाही.

प्रश्न विचारताना तर या ‘एस’ला पंख फुटतात. ‘ही गोज’, पण ‘डज ही गो?’ मधेच हे ‘डू’ कुठून आले आणि ‘गोज’चा ‘एस’ घेऊन ते ‘डज’ कसे झाले, हे इतर शाळांत समजावून सांगायला मला पुढे घाम फुटे. गिरणगावात एका वाक्यात काम झाले होते. ‘डू’ हा बदलीवाला, असे मी म्हणालो. गिरणीत बदली कामगार म्हणजे काय हे तिथल्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक: रोज सकाळी दारावर जाऊन उभे राहायचे, कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर त्याच्या जागी आत जायचे, नाही तर घरी परतायचे. इंग्रजी वाक्यात प्रश्न आला, नकार आला, की ‘डू’ला आत बोलावतात. त्याला स्वतःचा अर्थ नाही. दुसऱ्याचे ओझे उचलण्यापुरते त्याला घेतात. मागच्या बाकावरून एकाने लगेच पुस्ती जोडली, ‘म्हंजे सर, बदलीवाल्यानं बिल्ला लावला की कायमवाल्यानं काढून ठेवायचा.’ त्या वर्गात ‘डज ही गोज’ असे पुन्हा कोणी लिहिले नाही.

वेळापत्रकातला, मथळ्यांतला, नाटकाच्या कंसांतला साधा वर्तमानकाळ हे प्रकरण मी भराभर उरकीत असे. ‘द ट्रेन लीव्हज ॲट फाइव्ह’: साडेपाच वाजले आणि गाडी फलाटावरच उभी असली, तरी वाक्य खोटे पडत नाही, ते गाडीविषयी नाहीच, नेमाविषयी आहे. मथळ्यात काल मेलेला पुढारीही ‘डाइज’ असतो. वर्तमान म्हणजे बातमी आणि वर्तमान म्हणजे चालू काळ, हा आपल्याकडचा योगायोग इथे बरा उपयोगी पडे. उलट इंग्रजीत ‘प्रेझेंट’ म्हणजे हजर. हजेरी घेताना मुले ‘प्रेझेंट सर’ म्हणत. ‘वर्तमान सर!’ असे भाषांतर करून एकाने हशा पिकवला होता, तो आठवतो.

आपल्या लोकांना या साध्या काळाची भीती वाटते आणि ते चालू काळाच्या आडोशाला जातात. ‘आय ॲम हॅव्हिंग टू ब्रदर्स’, ‘आय ॲम नोइंग हिम’. निस्सीम इझिकेल यांनी या भारतीय इंग्रजीवर मुद्दाम कविता लिहिल्या आणि त्या वाचताना हसू येते; पण हसणाऱ्याच्या पोटात कुठे तरी खुपतेही, कारण त्या वाक्यांतली माणसे आपल्या चाळीतली असतात. इंग्रजाच्या मते भाऊ असणे, ओळखणे, आवडणे, माहीत असणे या चालू-बंद होणाऱ्या गोष्टी नव्हेत. नळ चालू असतो, भाऊ चालू नसतो. हे पटते. मात्र हा कडक सोवळेपणा इंग्रजीनेही फार जुन्या काळापासून पाळलेला नाही. पोलोनियस हॅम्लेटला तो काय वाचतो आहे हे विचारतो, तेव्हा पुस्तक हॅम्लेटच्या हातात असते आणि तरी प्रश्न साध्या वर्तमानकाळात असतो! आजच्या परीक्षकाने पोलोनियसचा अर्धा गुण कापला असता. चालू काळाची ही शिस्त पुढच्या दोनतीन शतकांत बसत गेली.

पण या काळाचे खरे पाणी मला दाखवले ते एका प्रश्नाने. ‘व्हॉट डज ही डू?’ शब्दशः पाहिले तर, तो काय करतो? आणि आपल्याकडेही हा प्रश्न अगदी याच शब्दांत विचारतात, तो लग्नाच्या बोलणीत. ‘मुलगा काय करतो?’ याला ‘आत दाढी करतो आहे’ असे उत्तर कोणी दिले, तर ते स्थळ गेलेच. विचारणाऱ्याला क्रिया नको असते, धंदा हवा असतो. खरे तर धंदाही नव्हे, मुलगा कोण आहे हे हवे असते. नोकरी नसलेल्या मुलाची आई या प्रश्नाला हळूच एक शब्द जोडून उत्तर देते: ‘सध्या...’ त्या ‘सध्या’ने ती साध्या वर्तमानकाळातून निसटून चालू काळात येते. ‘सध्या परीक्षा देतो आहे’, ‘सध्या मामाच्या दुकानात बसतो आहे’. दोन काळांमधला फरक यापेक्षा चांगला मी कोणत्याही पुस्तकात वाचला नाही.

हा प्रश्न १९८२ साली माझ्या सगळ्या वर्गाला एकदम विचारला गेला.

त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत त्याचे पुढारी. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. मागण्या काय होत्या, त्या मिळण्याजोग्या होत्या की नाही, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि माझा तो अधिकार नाही. मी फक्त संध्याकाळी साडेसहाला वर्गात जात असे आणि साडेनवाला बाहेर पडत असे. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा संपाला पाच महिने होत आले होते. आमच्या बाजूच्या गिरणीचा भोंगा बंद होता. ज्या भोंग्याने तोवर माझा तास मधेच तोडला होता, तो वाजेनासा झाल्यावर शिकवायला शांतता मिळायला हवी होती. प्रत्यक्षात त्या वेळेला सारा वर्ग मान वर करी आणि काही क्षण तसाच थांबे.

नववीचा वर्ग. तीसएक मुले, कोणी छापखान्यात, कोणी चहाच्या टपरीवर, कोणी पहाटे पेपर टाकणारा. त्यांत साचेखात्यातले एक गृहस्थ होते, वय चाळिशीच्या आतबाहेर. सारा वर्ग त्यांना मामा म्हणे, मीही म्हणे. संपापूर्वी मामांची हजेरी पाळीवर अवलंबून असे. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात त्यांची जागा रिकामी. संप सुरू झाल्यापासून त्यांचा एक दिवस चुकला नाही. ‘सर, आयुष्यात पैल्यांदाच शाळा लागोपाठ चालली माझी,’ असे ते म्हणाले आणि हसले. मला त्या हसण्याला काय उत्तर द्यावे ते कळले नाही.

जुलैमध्ये साधा वर्तमानकाळ आला. अभ्यासक्रमच तसा. सरावाला विषयही दरवर्षीचा ठरलेला: ‘माय फादर’, पाच वाक्ये. छापखान्यात काम करणारा एक मुलगा होता, अक्षर टपोरे. त्याने उभे राहून वाचले. ‘माय फादर वर्क्स इन अ मिल. ही गेट्स अप ॲट फाइव्ह. ही टेक्स टी. ही गोज टु द मिल. ही कम्स होम ॲट फोर.’ पाचही ‘एस’ जागच्या जागी. मी ‘शाबास’ म्हणणार, तेवढ्यात मागून आवाज आला, ‘वर्क्स कुठला? गेटला टाळं हाय सहा महिने!’ दुसरा म्हणाला, ‘मी तर ‘वर्क्ड’ लिहिलंय.’

त्या एका ‘वर्क्ड’ने वर्ग पेटला. ‘वर्क्ड म्हणजे काय रे? संप फुटला काय?’ ‘तुझा बाप गेला काय आत?’ ज्याने लिहिले होते तो पोरगा रडकुंडीला आला. तो बिचारा दिसते ते लिहीत होता. पण त्या खोलीत त्या दिवशी ‘ईडी’ हा प्रत्यय व्याकरणाचा उरला नव्हता. बाप गिरणीत काम ‘करीत होता’ असे म्हणणे म्हणजे लढाई हरलो असे घरच्या माणसाने कबूल करणे होते.

मी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली. ‘ही वर्क्स इन अ मिल.’ ‘ही इज नॉट वर्किंग नाउ.’ म्हटले, ही दोन्ही एकाच माणसाविषयी, एकाच दिवशी, एकाच वेळी खरी असू शकतात. इंग्रजी भाषेला यात काही विसंगती दिसत नाही. पहिले वाक्य माणूस कोण आहे ते सांगते. दुसरे आज काय चालले आहे ते सांगते. वर्ग गप्प झाला. मामांनी जरा विचार करून विचारले, ‘म्हंजे सर, संपावरचा माणूस इंग्रजीत कामावरच धरत्यात?’

‘गिरणीत ‘असतो’ म्हणता ना मामा, तसंच,’ मी म्हणालो.

‘असतो,’ मामा स्वतःशीच म्हणाले. ‘बरोबर हाय. आसतोच की.’

तो मुलगा अजून उभाच होता. मागच्याने त्याला सोडले नाही. ‘वर्क्स ऱ्हाऊ दे. पण ‘गोज टु द मिल’ खोटं हाय का नाय?’ मुलगा म्हणाला, ‘जातात की. रोज जातात. गेटपर्यंत.’ आणि ते खरे होते. पाचाला उठणेही खरे होते. पंचवीस वर्षे पहिल्या पाळीला पाचाला उठलेले शरीर, त्याला टाळे लागल्याचे कोण सांगणार? ते गृहस्थ पाचाला उठत, चहा घेत, गेटवर जात, तिथे जमलेल्यांत उभे राहून नऊच्या सुमारास परत येत. पाच वाक्यांतले एकच शब्द बदलायचा होता. त्याने ‘फोर’ खोडून ‘नाइन’ केले. मी पाचांवरही बरोबरची खूण केली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मामा आले नाहीत. साताऱ्याकडे गावी गेले, बायकोच्या वाट्याची थोडी जमीन होती तिकडे, असे मुलांकडून कळले. हजेरीपटावरून नाव एकाएकी काढता येत नाही. रोज त्यांचा क्रमांक पुकारून जरा थांबावे लागे.

‘वर्क्स’चे ‘वर्क्ड’ केव्हा करायचे, हा प्रश्न पुढचे वर्षभर वर्गात न बोलता पडून होता. इंग्रजी साध्या भूतकाळाचा एक हट्ट असतो: त्याला तारीख लागते. काल, गेल्या सोमवारी, १९८३ साली. तारीख बोललेली नसली तरी मनात असावी लागते. आणि या संपाला शेवटची तारीखच नव्हती. तो मागे घेतल्याची घोषणा कधी झाली नाही. काही गिरण्या हळूहळू चालू झाल्या, काहींनी जुन्या माणसांतले थोडे घेतले, हजारोंना घेतलेच नाही. सुरुवात १८ जानेवारी म्हणून सांगता येते, शेवट असा एक दिवस दाखवता येत नाही. अशा ठिकाणी व्याकरणाने काय करावे? १९८३ च्या जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज भरून घेताना ‘पालकाचा व्यवसाय’ या रकान्यापाशी लेखनिक थांबे. बहुतेक आया एकच शब्द सांगत: गिरणीकामगार. तो लिहून घेई. समोरची बाई त्या वेळी दुसऱ्यांच्या डब्यांच्या पोळ्या लाटून आलेली असे; तिच्या हातांना पीठ असे.

छापखान्यातल्या त्या मुलाच्या वडिलांना परत घेतले नाही. ते एका इमारतीवर रात्रीचे रखवालदार झाले. मुलगा दहावीत आला, सराव परीक्षेत पुन्हा तोच निबंध, आणि त्याने पुन्हा लिहिले, ‘माय फादर वर्क्स इन अ मिल.’ मला वस्तुस्थिती ठाऊक होती. पण मी इंग्रजीचा शिक्षक होतो, वस्तुस्थितीचा नव्हे. वाक्यात कर्ता होता, क्रियापद होते, ‘एस’ होता. मी पूर्ण गुण दिले, आणि आजही तेच देईन. मार्च १९८४ मध्ये तो पास झाला, इंग्रजीत त्रेचाळीस.

मराठी व्याकरणात एक नवल आहे, ते मला या सगळ्यानंतर फार वर्षांनी जाणवले. ‘बाबा पहाटे उठे, चहा घेई, कामावर जाई’ — याला आपण रीतिभूतकाळ म्हणतो. पूर्वीची सवय, जी आता नाही. मोरो केशव दामले यांनी १९११ साली आपल्या मोठ्या व्याकरणात या रूपांचा चांगला काथ्याकूट केला आहे. पण ज्ञानेश्वरी उघडा. तिथे ‘करी’ म्हणजे करतो, ‘जाई’ म्हणजे जातो. सातशे वर्षांपूर्वीचा तो चालता-बोलता वर्तमानकाळ होता! अक्षर बदलले नाही, काना-मात्रा बदलली नाही. खालचा काळ तेवढा सरकून गेला. मधे ‘करतो’, ‘जातो’ ही नवी रूपे आली, आणि जुन्यांना कामावरून कोणी काढले नाही, नुसती मागच्या पाळीला पाठवली. हे कोणत्या साली झाले ते दाखवता येत नाही. भाषेत अशी तारीख नसते.

२०१२ साली गिरणीकामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली. गिरण्यांच्या जमिनींवर तोवर मनोरे उभे राहिले होते; जागेच्या एका वाट्यात कामगारांना घरे द्यायची असे ठरले होते. दीड लाखाच्या घरात अर्ज आलेले. कामगार हयात नसेल तर वारसाने अर्ज करायचा. त्या सुमारास छापखान्यातला तो मुलगा माझ्याकडे आला. आता सत्तेचाळीस वर्षांचा, केस पिकलेले, स्वतःचे छोटे झेरॉक्सचे दुकान असलेला. वडील जाऊन सहा वर्षे झाली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद होते: गिरणीचा पास, फंडाची पावती, एक जुने पगारपत्रक. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर वडील पटावर होते, एवढे त्याला सिद्ध करायचे होते. पासवर पंचविशीतल्या एका माणसाचा फोटो, केस नीट विंचरलेले. कागद पाहून झाल्यावर त्याने पिशवीतून शाळेची एक वही काढली. मुलीची. ती सहावीत, इंग्रजी माध्यमात. ‘माय ग्रँडफादर’ हा निबंध. पहिलेच वाक्य, ‘माय ग्रँडफादर वर्क्ड इन अ मिल.’

‘बरोबर आहे ना सर?’ त्याने विचारले.

बरोबर होते. मी तसे सांगितले. त्याने वही मिटून पुन्हा कागदांच्या मधे ठेवली, म्हणजे कोपरे दुमडू नयेत.

त्या सोडतीत त्याचा क्रमांक लागला नाही. नंतरच्याही लागल्या नाहीत. अधूनमधून त्याचा फोन येतो, दिवाळीला हमखास. यंदाही आला. पुढच्या सोडतीची वाट पाहतो, असे म्हणाला. इंग्रजीत हे वाक्य करायचे तर ‘ही इज वेटिंग’ असेच करायला हवे. वाट पाहणे ही चालू असलेली आणि कधी तरी संपणारी क्रिया, असा नियम मीच त्याला शिकवला होता. पण आता एखाद्या मुलाने ‘ही वेट्स’ लिहून आणले, तर मी त्याचा गुण कापणार नाही.